एन म्हणजे उणे एक आहे का?

"सर, इदु एनो केळाकत्तैति!"

लॅबचे अटेंडर अण्णा दारातून ओरडले तेव्हा मी व्हरांड्यात हजेरीपट घेऊन उभा होतो. हे काहीतरी विचारायला लागलंय, असं त्यांचं म्हणणं. आजवर आमच्या संगणकांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. फार तर ते बंद पडायचे. आत गेलो तर तिसऱ्या रांगेतली दोन पोरं हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली होती, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

"काय झालं?"

"सर, उत्तर देईना की. उलटं आम्हालाच इचारायलंय."

त्यांनी एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रेशन मागितलं होतं. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरालाही झोपेत उठवलं तर सांगता यावं असं. मॅक्झिमाने, म्हणजे लॅबमध्ये नव्याने बसवलेल्या गणिताच्या सॉफ्टवेअरने, उत्तर न देता खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: एन उणे एकाबरोबर आहे का?

मला हसू आलं, आणि अर्ध्यातच ते ओसरलं. एकोणीस वर्षं मी हे सूत्र फळ्यावर लिहितोय. घात एकाने वाढवा, वाढलेल्या घाताने भागा. आणि अगदी कोपऱ्यात, खडूचा तुकडा बोटात मावेनासा झालेला असताना, बारीक अक्षरात 'एन उणे एक नसताना'. ती ओळ पोरं वहीत उतरवत नाहीत आणि मीही कधी आग्रह धरला नाही. एन उणे एक असला की शून्याने भागायची पाळी येते आणि उत्तर लॉगमध्ये, म्हणजे लॉगरिदममध्ये, जातं. ते त्यांना पुढच्या धड्यात भेटतं, पण दुसऱ्याच गावच्या माणसासारखं. दोघांचं नातं कुणी सांगत नाही.

"आधी हो म्हणून बघा. मग परत विचारा आणि नाही म्हणा."

हो म्हटल्यावर लॉग एक्स आलं. नाही म्हटल्यावर वहीतलं सूत्र. अण्णा मागून वाकून बघत होते. "याला सगळं फोड करून सांगावं लागतंय म्हणा की," ते म्हणाले, या खेपेला मराठीत. आमच्याकडे वाक्य कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपलं तरी कुणाचं अडत नाही.

ही २०२२ मधली गोष्ट. कर्नाटकात २०२१-२२ मध्ये नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि आमच्या बीएस्सीच्या गणिताला संगणकावरची प्रात्यक्षिकं आली. मुक्त सॉफ्टवेअर वापरा म्हणून अभ्यासक्रमातच लिहिलेलं, नावांच्या यादीत मॅक्झिमा, सायलॅब, पायथन. विभागात आम्ही तिघं. एकांना निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, दुसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. राहिलो मी. बेळगावातून रोज खानापूर रस्त्याने जाऊन-येऊन करणारा, संगणकावर फक्त प्रश्नपत्रिका टाइप करणारा.

लॅबमध्ये आधीपासून एक विकतचं गणिती सॉफ्टवेअर होतं. विकतचं म्हणजे दुसऱ्यांनी विकत घेतलेलं. ती सीडी कुठून आली हे विचारायचं नसतं. ते उघडलं की दर वेळी परवान्याची मुदत संपल्याची खिडकी यायची आणि पोरं न वाचता ती फुली मारून बंद करायची. मला त्याची लाज वाटायची असं म्हटलं तर खोटं होईल. भीती वाटायची. तपासणीला कुणी आलं तर हजेरीपटावर सही माझी.

मॅक्झिमा घ्यायचं ठरवलं आणि अर्ज टाकला. कार्यालयातून परत आला: तीन कोटेशनं जोडा.

"अहो, फुकट आहे ते."

"फुकट असू दे की सर. कोटेशनं लागतात. लॅबमधी काही नवीन बसवायचं तर स्टॉक रजिस्टरला चढवायला पाहिजे, आन रजिस्टरला चढवायला किंमत पाहिजे."

शून्य रुपयाचं कोटेशन कोण देणार? मी दोन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. एका वरिष्ठांचं म्हणणं वेगळंच होतं: फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. शेवटी तोडगा काढला तो क्लार्कनेच. खडे बाजारातल्या तीन दुकानांतून पेनड्राइव्हची कोटेशनं आणली, त्यातल्या स्वस्ताचा एक नग मंजूर झाला, आणि त्यावर मी घरच्या नेटवरून उतरवलेलं मॅक्झिमा घालून आणलं. रजिस्टरात आजही 'पेनड्राइव्ह, १ नग' एवढंच आहे. बावीसपैकी सोळा संगणक चालू स्थितीत होते. सोळाही यंत्रांवर ते दोन दुपारांत बसलं. अण्णा प्रत्येक यंत्राला उदबत्ती ओवाळत होते, कारण त्या दिवशी शुक्रवार होता.

पोरांपुढे जायच्या आधी हे सॉफ्टवेअर आलं कुठून ते वाचावं म्हणून बसलो, आणि तो वाचनाचा नाद भलताच लागला. आमच्या कॉलेजच्या इमारतीपेक्षा, माझ्यापेक्षा जुनं निघालं ते. १९६८ मध्ये अमेरिकेत एमआयटीला कार्ल एंगलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी मॅक्झिमाच्या मूळ पुरुषाला, मॅक्झिमा नव्हे, 'मॅकसिमा' म्हणायचं त्याला, हात घातला. त्याआधीची गंमत पोरांना फार आवडली. १९६१ मध्ये जेम्स स्लेगलने इंटिग्रेशन करणारा एक प्रोग्रॅम लिहिला, त्याचं लघुनाव जुळवून आणलं 'सेंट'. मग १९६७ मध्ये मोझेसने आपल्या प्रबंधासाठी त्याहून तेज प्रोग्रॅम लिहिला आणि नाव ठेवलं 'सिन'. आधी संत, मग पाप. संताला शोधत शोधत जावं लागायचं, पापाला वाट आधीच ठाऊक असायची. हे माझं वाक्य, पण तांत्रिकदृष्ट्या फार चुकीचं नाही: स्लेगलचा प्रोग्रॅम शक्यता चाचपत जायचा, मोझेसचा गणिताची जात ओळखून थेट पद्धत लावायचा.

पुढे १९८२ मध्ये मॅकसिमाचे हक्क सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीकडे गेले. एक प्रत मात्र अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे होती, आणि ती त्याच वर्षापासून टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर सांभाळत राहिले. १९९८ मध्ये त्यांनी खात्याकडून परवानगी मिळवली आणि ती प्रत जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळी केली. २००१ मध्ये ते गेले. तेव्हापासून स्वयंसेवक ती चालवतात. सोळा वर्षं ती प्रत सांभाळून मग परवानगी मिळवणाऱ्या माणसाच्या गोष्टीपुढे माझ्या तीन कोटेशनांची तक्रार मी पोरांना सांगितली नाही. घरी बायकोला सांगितली.

पहिलं सत्र नुसतं कंस मोजण्यात गेलं. आमच्या पोरांची सवय दोन एक्स लिहायची तर दोन आणि त्याला चिकटून एक्स. वहीत तसंच असतं. मॅक्झिमा म्हणतं, चुकीची मांडणी, एक्स हा काही मधला ऑपरेटर नव्हे. दोन आणि एक्सच्या मध्ये गुणाकाराची चांदणी हवी, हे त्याला म्हणायचं असतं, पण ते असं बोलतं की पोराला वाटावं आपण एक्सचाच काही अपमान केला. ए बरोबर पाच लिहिलं तर ते ए ला पाच करत नाही, नुसतं समीकरण म्हणून ठेवून देतं. किंमत द्यायची तर विसर्गासारखे दोन टिंब द्यायचे. काळ्या खिडकीतून चालवलं आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर ते गप्प वाट बघत बसतं. येळ्ळूरचा एक पोरगा दहा मिनिटं तसाच बसला होता. यंत्र विचार करतंय असं त्याला वाटलं, आणि यंत्राला वाटत होतं पोरगा विचार करतोय.

मांडणी बरोबर असून हुकूम चालताना चुकला की खाली एक ठरलेली ओळ येते, डीबग मोड, म्हणजे चूक शोधायची सोय, लावून बघा अशी. पोरं एकमेकांना त्यावरून चिडवायची. कुणी डबा विसरला, डीबग मोड लाव. बस चुकली, डीबग मोड लाव.

मला स्वतःला खरी गोडी लागली ती अपूर्णांकांनी. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश लिहिलं की कॅल्क्युलेटर शून्य दशांश चार नऊ नऊ नाहीतर पाच असं काहीतरी त्याच्या मगदुराप्रमाणे देतो. मॅक्झिमा देतं एक द्वितीयांश. दशांश हवा असेल तर वेगळा हुकूम सोडा, तोवर ते अपूर्णांक मोडत नाही. शंभरचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते शंभरचा गुणाकार, विचारलं तर १५८ अंकी अख्खा आकडा त्याच्याजवळ असतो. खिडकीत मावत नाही म्हणून मधला भाग झाकतं आणि किती अंक झाकले ते लिहितं. शेवटी शून्यं किती येतील ते आधी हाताने काढा म्हटलं. पाचाचे वीस, पंचविसाचे वरचे चार, चोवीस. पडद्यावर मोजली तर चोवीस. तो तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

माझे आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत मुनीम होते. दशमान पैसे आले १९५७ मध्ये, तोवर त्यांचं निम्मं आयुष्य आणे, पै आणि मण-शेर-छटाकात गेलेलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळ्या तोंडपाठ. संध्याकाळी ओट्यावर मला मांडीशी घेऊन म्हणून घ्यायचे: पाच दिडे साडेसात, सात सवाया पावणेनऊ. मी शाळेत पॉइंट शिकून आलो आणि पावणेनऊला आठ पॉइंट सात पाच म्हणालो तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "आणि एकाचे तीन वाटे केले तर तुझा पॉइंट कुठं जाऊन थांबतो?" थांबत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लॅबमध्ये तो एक द्वितीयांश पडद्यावर आला तेव्हा मला पहिल्यांदा तो ओट्यावरचा प्रश्न आठवला.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. कुठून ते सोडा. माणूस वाईट नव्हता, घाईत होता, त्याला दुपारची गाडी होती. साइन गुणिले कॉसच्या इंटिग्रेशनला एका मुलीच्या पडद्यावर उणे कॉस वर्ग भागिले दोन असं आलेलं. त्यांच्या हातातल्या पुस्तकात साइन वर्ग भागिले दोन. त्यांनी जर्नलवर फुली मारली आणि वर म्हणाले, फुकटच्या सॉफ्टवेअरचं हेच असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या मुलीने पुस्तकातलं उत्तर वजा स्वतःचं उत्तर असं टाइप केलं आणि त्रिकोणमितीय सुलभीकरणाचा हुकूम दिला. खाली आलं एक द्वितीयांश. नुसता स्थिरांक. म्हणजे दोन्ही उत्तरं एकच, फरक फक्त उत्तरापुढे जोडायच्या 'अधिक सी' या स्थिरांकाचा, जो मॅक्झिमा लिहीत नाही आणि आपण लिहून विसरतो.

परीक्षकांनी फुली खोडली नाही. तिच्या शेजारी बरोबरची खूण केली. जर्नलच्या त्या पानावर दोन्ही आहेत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट. माझ्या मेव्हण्याचं उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. गिअर, पिना, शाफ्ट असला माल त्याच्याकडे भट्टीत तापवून पाणी द्यायला येतो. भट्टी फर्नेस ऑइलवर. तेलाची आडवी टाकी शेडच्या मागे, व्यास १२० सेंटिमीटर, लांबी २००. वरच्या भोकातून गज सोडायचा, कुठवर भिजला ते बघायचं, सेंटिमीटरला १९ ने गुणायचं आणि वहीत लिटर लिहायचे. अख्खी टाकी २,२६२ लिटर, १२० ने भागलं की साधारण १९ येतात. हिशेब त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा.

एका रविवारी जेवायला आला आणि पानावरच म्हणाला, "दाजी, तेल चोरीला जातंय."

कोण नेतंय तेही त्याने ठरवून टाकलं होतं. रात्रपाळीचा ऑपरेटर, बारा वर्षं कामाला असलेला. पुरावा वहीतच होता. टाकी निम्मी असताना हिशेब ठीक लागतो, उलट तेल जरा जास्तच पुरतं. गज ३० सेंटिमीटरच्या खाली गेला की मात्र तेल भराभर उतरतं. वही म्हणते ५७० लिटर शिल्लक, आणि भट्टी त्याच्या कितीतरी आधी विझते. शंभर-सव्वाशे लिटरचा खड्डा दर खेपेला. "म्हणजे तळाशी आलं की कुणी बघत नाही म्हणून काढतोय तो."

मी आमटी वाटीत तशीच ठेवली. "अरे, टाकी गोल आहे."

"गोल हाय की. मग?"

आडव्या गोल टाकीत मधल्या एका सेंटिमीटरात जेवढं तेल मावतं तेवढं तळच्या सेंटिमीटरात मावत नाही, हे त्याला ताटातल्या भाकरीवरून दाखवलं. भाकरीची खालची कड बोटभर तोडली आणि मधला बोटभर पट्टा तोडला. त्याने दोन्ही तुकडे बघितले, पण ऑपरेटरवरचा राग तुकड्यांनी जाईना. आकडे पाहिजेत म्हणाला. भिंतीवर लावता येतील असे.

त्या रात्री मॅक्झिमा उघडून बसलो. काम तसं सरळ. टाकीच्या तोंडाच्या वर्तुळाच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीची रुंदी वर्गमुळात येते, तळापासून तेलाच्या उंचीपर्यंत बेरीज करायची, म्हणजेच इंटिग्रेशन. आर त्रिज्या, एच उंची. हुकूम दिला आणि सुरू झाले त्याचे प्रश्न. आर धन आहे, ऋण आहे की शून्य? धनच बाबा, टाकी आहे. मग एच? पूर्वी मला याचा वैताग यायचा. त्या रात्री पाटीवर लिहावं तसं आधीच सांगून टाकलं: आर शून्याहून मोठा धर, एच शून्याहून मोठा, आणि एच आरच्या दुपटीहून लहान. तिसरी अट लिहिताना लक्षात आलं की ती म्हणजे 'टाकी ओतू जात नाही' हेच गणितात म्हटलेलं आहे.

उत्तर आर्कसाइनमध्ये, म्हणजे साइनवरून उलटा कोन काढायच्या फलात, आलं. माझ्याजवळच्या जुन्या पुस्तकात आर्ककोसाइन होतं. आता घाबरायचं कारण नव्हतं, त्या मुलीने दाखवलेली वजाबाकी होतीच. मग एक ते १२० सेंटिमीटरची यादी एका ओळीत काढली, दशांश इथे मात्र मागून घेतला. गज मारणाऱ्याला आर्कसाइन काय करायचाय?

१० सेंटिमीटर: ९० लिटर. वहीच्या हिशेबाने १९०.

३० सेंटिमीटर: ४४२ लिटर. वहीत ५७०.

६० सेंटिमीटर: १,१३१. इथे वही फक्त नऊ लिटरांनी पुढे.

३० च्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. ५७० वजा ४४२ म्हणजे १२८. मेव्हण्याने सांगितलेला खड्डा जवळपास एवढाच होता. तो माणूस दर खेपेला जे १२८ लिटर चोरत होता, ते टाकीत कधी नव्हतेच.

मेव्हण्याला उलटं कोष्टकही हवं होतं, अमुक लिटर तेल असेल तर गज कुठवर भिजेल. इथे मॅक्झिमाने हात टेकले. समीकरण सोडव म्हटलं की तेच समीकरण जरा इकडचं तिकडे करून परत द्यायचं. कोन आणि त्याचा साइन एकाच समीकरणात अडकले की नेटकं सूत्र निघत नाही, त्यात त्याचा दोष नाही. मग सूत्राचा हट्ट सोडून आकड्याने मूळ शोधायचा हुकूम वापरला. त्याला दोन टोकं सांगावी लागतात, एकीकडे उणे येईल आणि दुसरीकडे अधिक, म्हणजे मधे कुठेतरी शून्य असणार. पहिल्यांदा मी दोन्ही टोकं एकाच बाजूची दिली आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्यांदा ५०० लिटरला ३२.७ सेंटिमीटर आले.

छापलेला तक्ता घेऊन दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना उद्यमबागेला उतरलो. ऑपरेटरची पाळी संपत होती. मेव्हण्याने तक्ता वाचला, वही काढली, मागच्या चार खेपांचे आकडे ताडून बघितले. मग ऑपरेटरला हाक मारली आणि म्हणाला, "आजपासून गज तूच मारायचास. वही पण तुझ्याकडं." माफीबिफी काही नाही. पण वही दिली. ऑपरेटरने ती हात पुसून घेतली. त्याच्यावर संशय होता हे त्याला ठाऊक होतं का, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून तळचा गाळ काढला. मग पाच बॅरल तेल ओतलं, दोनशे लिटरचा एक, म्हणजे हजार. दुपारी माझा तास चालू असताना फोन वाजत राहिला.

"दाजी, तुमच्या तक्त्यात हजाराचे पावणेदहाशेच येतात. ५३ आणि ५४ च्या मधी गज भिजतोय. पंचवीस लिटर कुठं गेलं? आता तर मी स्वतः उभा होतो."

संध्याकाळी गेलो. तक्त्याप्रमाणे गज साडेचोपन्नला भिजायला हवा होता. एक सेंटिमीटरचा फरक, आणि टाकी निम्म्याच्या आसपास असताना सेंटिमीटरला जवळजवळ २४ लिटर. मी दोनदा गज मारला. बॅरलचं माप तपासलं. व्यास परत मोजला. शेवटी जुना मिस्त्री, जो इतका वेळ बिडी ओढत गंमत बघत होता, म्हणाला, "सर, टाकी सपाट हाय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

टाकी मुद्दाम उतारावर बसवलेली. पाणी आणि गाळ एका टोकाला जमावा, तिथल्या कॉकमधून काढता यावा म्हणून. गजाचं भोक नेमकं चढाच्या टोकाला, कडेपासून वीसेक सेंटिमीटरवर. मिस्त्रीने पाणसळ आणून टाकीच्या पाठीवर ठेवली, आणि आतला बुडबुडा सरकून एका बाजूला जाऊन बसला. दोरी धरून मोजलं तर दोन मीटरांत अडीच सेंटिमीटर, म्हणजे अवघा एक इंच. मधल्यापासून भोक ८० सेंटिमीटरवर, तिथे तेल मधल्यापेक्षा बरोबर एक सेंटिमीटर उथळ.

मेव्हणा कमरेवर हात ठेवून उभा. "काय दाजी, तुमचं ते यंत्र एवढं सगळं विचारतंय म्हणता. टाकी ऋण हाय काय म्हणून विचारतंय. हे नाही होय विचारलं त्यानं?"

घरी येऊन सूत्रात आणखी एक अक्षर घातलं, एम, उतारासाठी. आता नुसतं तोंडाचं वर्तुळ पुरणार नव्हतं, लांबीभर बेरीज करायला हवी होती. हुकूम दिला तर त्याचा लगेच प्रश्न: एम धन आहे, ऋण आहे की शून्य? या टाकीचं ठाऊक होतं. पण शेडच्या पलीकडे तसलीच दुसरी टाकी आहे आणि तिचाही तक्ता करून द्यायचं मी येताना कबूल करून बसलो होतो. फोन लावला.

"त्या दुसऱ्या टाकीचा उतार कुठल्या बाजूला आहे रे? भोकाकडे की उलटा?"

"थांबा, बघून सांगतो," तो म्हणाला, आणि मिनिटभराने, "उद्या सांगतो दाजी. पाणसळ मिस्त्री घेऊन गेलाय."